बर्फ कुठंय भो?

गेल्या डिसेंबरात माझा चुलतभाऊ वरणगावहून पुण्याला आला तो काखेत फाईल घेऊनच. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. तो फाईल घेऊन आला की समजायचं, काहीतरी विकायचंय किंवा विकत घ्यायचंय. या वेळी दोन्ही होतं. हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून आमची सामायिक साडेतीन एकर जमीन आहे. आजोबांच्या नावावरून काकांच्या आणि आमच्या अण्णांच्या नावावर आलेली. तिथे त्याला 'नॉर्डिक रिट्रीट' काढायचंय. सहा त्रिकोणी लाकडी केबिनी, मधोमध शेकोटीचा गोल खड्डा, लाकडी पिंपात गरम पाण्याची अंघोळ आणि झाडांवर पिवळ्या दिव्यांच्या माळा. नाव काय, तर 'हायगे'. मी म्हटलं, अरे तो डॅनिश शब्द आहे, ह्युगं असं काहीतरी म्हणतात. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं. आपल्याकडच्या लोकांनी भलताच उच्चार केला असता."

फाईलच्या आधी त्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. जपानमध्ये, टोकियोपासून तासाभराच्या अंतरावर हान्नो नावाचं गाव आहे. तिथे तळ्याकाठी 'मेत्सा' म्हणून एक फिनिश पद्धतीचं गाव उभं केलंय, 2018 साली. मेत्सा म्हणजे फिनिश भाषेत जंगल. लाकडी दुकानं, होड्या, झाडीतून पायवाटा, काठावर बसून कॉफी पिणारी जपानी कुटुंबं. शेजारीच 2019 साली सुरू झालेलं, तोवे यान्सनच्या मूमिन या गोष्टींवरचं उद्यान. (फिनलंड काटेकोरपणे स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण भावाच्या फाईलपुरतं मोडतं.) व्हिडिओ संपल्यावर तो म्हणाला, "जपान्यांनी केलं. त्यांच्याकडे काय कमी होतं का भो? तरी केलं ना? मग आपण का नाही?"

प्रश्न वाजवी आहे. त्याला उत्तर द्यायला मला तीन महिने लागले, आणि ते त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी 'सॅम्पल' बघून येऊ असं ठरलं. पुण्याजवळच्या एका धरणाच्या काठावर असंच एक ठिकाण आहे. नाव घेत नाही, कारण अशी आता इतकी झाली आहेत की एकाचं नाव घेणं अन्याय होईल. मी, बायको, भाऊ आणि अण्णा. अण्णा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, आता ब्याऐंशीचे. एका केबिनचे एका रात्रीचे साडेसात हजार, जेवण वेगळं, शेकोटीची लाकडं वेगळी. चार ओंडक्यांचे चारशे रुपये. अण्णांनी ती पावती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

केबिन छानच होती, खोटं कशाला बोलू. पाइनच्या लाकडाचा वास, खुर्चीवर मेंढीचं (नायलॉनचं) कातडं, समोर सगळी काच. अण्णा मात्र मान वर करून त्या जमिनीपर्यंत उतरलेल्या छपराकडेच बघत होते. "हे असं कशासाठी रे?" भाऊ उत्साहाने म्हणाला, "काका, ते तिकडे बर्फ पडतो ना, तो साचू नये, घसरून खाली यावा म्हणून."

अण्णांनी खिडकीबाहेर नीट पाहिलं. "बर्फ कुठंय भो?"

आम्ही सगळे हसलो. पण हा प्रश्न विनोद म्हणून सोडून द्यायचा नाही असं मी तेव्हाच ठरवलं. वरणगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तिथे पश्चिमेला तोंड करून, समोर सगळी काच लावून त्रिकोणी केबिन बांधायची, म्हणजे माणसांसाठी भट्टी बांधायची आणि मग ती थंड करायला दोन टनांचा एसी लावायचा. आमच्या खानदेशात बिनबर्फाच्या, कमी पावसाच्या मुलखाला शोभेल असं छप्पर शेकडो वर्षं होतं. धाब्याचं घर! लाकडी सरे, त्यावर काटक्या, वर मातीचा जाड थर. सपाट. दुपारी खाली गारवा आणि रात्री वर बिछाना. लहानपणी मार्च संपला की आम्ही बाजा आणि गोधड्या धाब्यावर चढवायचो त्या पाऊस येईपर्यंत. आजी चुलतभावंडांना ओळीने झोपवायची, कडेला मोठी आणि मधे लहान, कुणी झोपेत खाली पडू नये म्हणून. कोणी त्याला 'ओपन एअर एक्स्पिरियन्स' म्हटलं नाही. सिमेंट पत्रे आले, स्लॅब आले आणि स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला राहतो, त्यामुळे वर झोपणंही गेलं. भावाच्या फाईलमध्ये सहा केबिनींचे सहा आराखडे आहेत. त्यात धाब्याचं एकही नाही.

पण थांबा. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' हे जे गाणं आहे ते मला म्हणायचं नाहीये. ते म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. त्यांच्याकडे येतोच.

संध्याकाळी अण्णा पाण्याकडे फिरायला निघाले. शंभर पावलं गेले असतील-नसतील तोच शिट्टी वाजली. गणवेशातला एक पोरगा धावत आला. "काका, तिकडे नाही जायचं. तो पलीकडच्या प्रॉपर्टीचा काठ आहे. आपला काठ तारेपर्यंतच."

अण्णांना ऐकू कमी येतं, म्हणून त्याने परत सांगितलं. अण्णांनी विचारलं, "पाणी कोणाचं आहे?" पोरगा बिचारा काय बोलणार. "पाणी सरकारचंच आहे काका, पण काठ..."

अण्णा परत आले आणि शेकोटीशी बसले. चारशे रुपयांच्या लाकडाशी. रात्री दहापर्यंत स्पीकरवर गाणी चालू होती, त्यामुळे ते काही बोलले असते तरी ऐकू आलं नसतं.

आता मूळ मुद्दा. स्कँडिनेव्हियाकडून आपण छप्पर घेतलं, मेंढीचं कातडं घेतलं, दिव्यांच्या माळा घेतल्या. ज्याच्यामुळे तिकडचा माणूस उठून रानात जातो ती गोष्ट मात्र तिथेच सोडून आलो. ती गोष्ट म्हणजे वाट. स्वीडनमध्ये तिला 'आलेमान्सरेत्तेन' म्हणतात, सगळ्यांचा हक्क. कोणाच्याही मालकीच्या रानातून तुम्ही चालू शकता, तळ्यात पोहू शकता, रात्रीपुरता तंबू ठोकू शकता, रानातली बोरं-बेरी आणि अळंबी तोडून खाऊ शकता. घराच्या अंगणात जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. बस. 1994 पासून हा हक्क त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेला आहे. नॉर्वेत 1957 चा कायदाच आहे: घरापासून दीडशे मीटर लांब राहा, दोन रात्री खुशाल मुक्काम करा, मालकाला विचारायचंही कारण नाही. 'फ्रिलुफ्त्सलिव', मोकळ्या हवेतलं जगणं, हा शब्द इब्सेनने 1859 साली कवितेत वापरला आणि आज तो तिथे शाळेत शिकवला जातो. 1868 साली स्थापन झालेल्या त्यांच्या पदभ्रमण संस्थेच्या कितीतरी डोंगरी झोपड्यांमध्ये राखणदारच नसतो. ठरलेली किल्ली घ्यायची, फडताळातून डाळ-तांदूळ (त्यांचं जे काय असेल ते) काढून शिजवून खायचं, वहीत लिहायचं आणि पैसे स्वतःहून भरायचे. नॉर्वेत चार लाखांहून जास्त सुट्टीची घरं आहेत, आणि जुन्यांपैकी पुष्कळशी वीज-पाण्याशिवायची होती. गरम पाण्याचं पिंप हा त्यातला शेवटचा भाग, पहिला नव्हे.

आणि गंमत पाहा, ज्या डेन्मार्कचा ह्युगं हा शब्द भाऊ फाटकावर लावणार आहे, त्या डेन्मार्कमध्ये हा हक्क शेजाऱ्यांइतका मोकळा नाही. म्हणजे आपण नाव उचललं तेही नेमकं कुंपणवाल्यांचं :)

मग जपान? त्यांनीही नक्कलच केली की. मी जपानला गेलेलो नाही, पण वाचल्यावर जे कळलं ते असं. हान्नो हे लाकडाचं गाव, पिढ्यान्पिढ्या तिथली झाडं टोकियोला जात आली. तिथे या गोष्टीची सुरुवात कंपनीने नाही, नगरपालिकेने केली. तोवे यान्सनशी पत्रव्यवहार करून मुलांसाठी एक जंगल-बाग 1997 साली उघडली, आणि तिला तिकीट नाही. त्यानंतर वीसेक वर्षांनी मेत्सा आलं, तेही शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या तळ्याच्या काठी. मूमिनच्या उद्यानाला तिकीट आहे, गाडी लावायला पैसे आहेत, पण मेत्साच्या गावात चालत आत जायला पैसे नाहीत. तळ्याकाठी बसायला पैसे नाहीत. तिथेही धंदा आहेच, कोणी धर्मशाळा काढलेली नाही. पण व्हिडिओतली ती कॉफी पिणारी कुटुंबं फुकट काठावर आलेली होती हे भावाने पाहिलंच नाही. त्याला कॉफी दिसली.

आपल्याकडच्या नकलेचं काय होतं ते आपण लवासात पाहिलंय. वरसगाव धरणाच्या काठावर इटलीतल्या पोर्टोफिनोची रंगीत घरं उभी केली. 2010 साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, 2018 साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. आमचा भाऊ म्हणजे लवासा नव्हे हे मला कळतं. सहा केबिनींनी सह्याद्री कोसळत नाही आणि सातपुडाही नाही. पण विचार तोच आहे: आधी चित्र दुसरीकडून आणायचं, मग त्या चित्रात न बसणारी माणसं बाहेर काढायची.

आमच्या त्या साडेतीन एकरात कोण कोण येतं ते सांगतो. पश्चिमेच्या बांधावरून एक पायवाट पाण्यापर्यंत जाते. सकाळी भोई जाळी घेऊन जातात. दुपारी गुराखी म्हशी पाण्यावर नेतात. पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनीवर डांगर-टरबूज लावणारे येतात. हिवाळ्यात पक्षी बघणारे येतात. हतनूरच्या फुगवट्यावर दर थंडीत उत्तरेकडून हजारो पाहुणे पक्षी उतरतात आणि वरणगावचीच काही मंडळी वर्षानुवर्षं पहाटे उठून त्यांची मोजणी करतात. अधूनमधून शाळेची पोरं. धरणाचे 41 दरवाजे उघडले की ते बघायला अर्धं गाव धावतं ते वेगळंच. फाईलमध्ये या पायवाटेचा उल्लेख एकदाच आहे, शेवटच्या पानावर, तारेच्या कुंपणाच्या कोटेशनमध्ये. वर लिहिलंय 'प्रायव्हेट लेकफ्रंट'.

धरणासाठी ज्यांची गावं गेली त्यांच्या पाण्याला 'प्रायव्हेट' म्हणायचं, याला काय म्हणावं? असो.

आता ते 'आपल्याकडे होतंच' वाले. माझ्या पिढीतल्या कुठल्याही खानदेशी माणसाला विचारा, तो डोळे मिटून भरीत पार्टीचं वर्णन करेल. जानेवारीची थंडी. कापूस वेचून झालेला, वाळलेल्या काड्यांचा ढीग. त्या काड्यांच्या जाळावर पोपटी-पांढरी, नारळाएवढी भरताची वांगी भाजायची. (2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बामणोदवाले म्हणतील ते खरं आमचंच, आसोद्याचे म्हणतील आमचं, त्या भांडणात मी पडत नाही.) सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या, केळीच्या पानावर. अण्णांच्या सेक्शनची मंडळी बायकापोरांसह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोणाच्या तरी शेतात जायची. शेतमालक वांग्यांचे पैसे घ्यायचा नाही, तेल-शेंगदाण्यांची वर्गणी व्हायची. आणि रस्त्याने जाताना कोणाच्या शेतातला हरभरा उपटून खाल्ला तर कोणी हटकत नसे. नियम एकच: पोटात घालून न्या, पिशवीत घालून नेऊ नका. आलेमान्सरेत्तेन याहून काय वेगळं आहे, असं हे लोक विचारतील.

वेगळं आहे. मी लहान होतो, पण एवढं आठवतं की त्या शेतात ज्या बाया वर्षभर निंदणी-खुरपणी करायच्या, कापूस वेचायच्या, त्या पंगतीत नसत. त्यांना नंतर डब्यात घालून दिलं जाई, तेही बांधापलीकडे. हरभरा उपटणारा कोण आहे यावरही हटकणं-न हटकणं ठरत असे. फॅक्टरीच्या साहेबाच्या पोराला कोणी हटकलं नाही. त्याच वयाच्या दुसऱ्या एका पोराच्या कानशिलात बसलेली मी पाहिली आहे, तोंडात दाणे असताना. आमची रीत मोठ्या मनाची होती, पण ते मन मालकाचं होतं. त्याची मर्जी फिरली की वाट बंद. स्वीडनची घटना मर्जीवर चालत नाही, आणि नेमकं एवढंच तिकडून आणण्यासारखं आहे. आपल्याकडे बांधावरून वाट मिळण्याची तरतूद 1966 च्या जमीन महसूल संहितेत आहे, अडवलेली वाट मोकळी करून द्यायचे तहसीलदाराचे अधिकार 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्यात आहेत. पण ते मुख्यतः शेतकऱ्याला त्याच्या शेतात, त्याच्या पाण्यावर जाता यावं म्हणून. पाण्याकाठी जाऊन नुसतं बसावं, हा कोणाचा हक्क असू शकतो असं कोणत्याच कागदावर नाही. त्यासाठी एकही आमदार भांडलेला मी पाहिला नाही. केबिनींना मात्र 'पर्यटन' म्हणतात, आणि 2020 पासून राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरणही आहे.

भावाची बाजू सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. मी हे सगळं तुकड्या-तुकड्याने त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो शांतपणे ऐकत होता आणि मग म्हणाला, "तू पुण्यात बसून बोल. तुझा पगार एक तारखेला होतो. मी केळी लावली, वाऱ्याने आडवी झाली. कापूस लावला, बोंडअळी आली. माझ्या पोराला शेती करतो म्हणून कोणी मुलगी देत नाही. 'रिसॉर्ट आहे' म्हटलं की देतील. धाबं बांधलं तर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक येईल का? तू तरी येशील का साडेसात हजार देऊन?"

शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसलो. कारण त्या काचेच्या केबिनचे साडेसात हजार मी एका मिनिटात मोबाईलवरून भरले होते. आणि गेल्या अकरा वर्षांत मी त्या आमच्या जमिनीवर एक रात्रही झोपलेलो नाही.

म्हणून त्याला धंदा करू नकोस असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. माझ्या वाट्याचे पैसे देताना दोन अटी मात्र घातल्या. छप्पर सपाट आणि मातीचं, वर चढायला जिना आणि वर बाजा. दुसरी, पायवाट आहे तिथेच राहणार, तार तिच्या अलीकडून. भोई आणि म्हशी पाहुण्यांच्या समोरून जातील तर जातील. पाहुण्यांना ते दृश्य आवडलं नाही तर त्यांनी डोळे मिटून घ्यावेत, ह्युगं म्हणतात ते हेच. पहिल्या अटीवर तो 'बघू' म्हणाला. दुसऱ्या अटीवर म्हणाला की इन्शुरन्सवाला ऐकणार नाही, रात्री-अपरात्री कोणीही आत येईल, मोटारीच्या केबली चोरीला जातात, उद्या एखाद्या पाहुण्याच्या बायकोकडे कोणी बघितलं तर काय करू? यातलं केबलीचं खरं आहे. आमच्या शिवारात गेल्या वर्षी तसं झालंय. मी म्हटलं, त्यासाठी रात्रीचा राखणदार ठेव, त्याचा पगार माझ्याकडून. पण दिवसा वाट उघडी. तो 'हो'ही म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही.

फाईल अजून माझ्याकडेच आहे. परवा काही शोधताना उघडली तर शेवटच्या पानावरच्या नकाशावर पेन्सिलीने काहीतरी काढलेलं दिसलं. कुंपणाची लाल रेघ पश्चिमेच्या बांधाशी एका जागी खोडलेली, आणि तिथून पाण्यापर्यंत थरथरत्या हाताने काढलेल्या दोन समांतर रेघा. मध्ये बारीक अक्षरात अण्णांनी लिहिलंय: 'बैलगाडी जाईल एवढी'.